स्केल ठरवायच्या आधी सगळ्यात लहान तुकडा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाकडी जहाजांची दोन छोटी किटं बांधून झालीयेत, आता किट न घेता नकाशांवरून स्वतः एचएमएस व्हिक्टरी या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं मॉडेल बांधायचंय, १:४८ (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा भाग) घ्यावं की १:९६ ते ठरत नाहीये. ठेवायला भिंतीत एक मीटर लांब आणि ३५ सेंटीमीटर खोल जागा आहे, कोणीतरी सांगितलंय की स्केल मोठं घ्या म्हणजे काम सोपं जातं, आणि शेवटी विचारलंय की सगळ्यात चांगलं स्केल कोणतं आणि नकाशे त्या मापात कसे आणायचे.

आधी जागेचं बोलते, कारण तिथेच बराचसा निकाल लागतो. व्हिक्टरीच्या गनडेकची, म्हणजे तोफांच्या मजल्याची, लांबी १८६ फूट, म्हणजे ५६.७ मीटर. बहुतेक लोक हाच आकडा घेऊन भागाकार करतात आणि १:९६ ला ५९ सेंटीमीटर आलं की खूश होतात. पण मॉडेल म्हणजे नुसता गनडेक नाही, पुढे बाहेर आलेली तिरकी काठी, म्हणजे बोस्प्रिट, आणि तिला पुढे जोडलेला जिबबूम धरला तर टोकापासून मागच्या रेलिंगपर्यंत सुमारे १०० मीटर होतात. म्हणजे १:९६ लाच एक मीटर चार सेंटीमीटर, आणि १:४८ ला दोन मीटरच्या वर. मुख्य यार्ड, म्हणजे शीड बांधायची आडवी काठी, सुमारे १०२ फुटांचं आहे, ते १:९६ ला ३२ सेंटीमीटर भरतं. वर काचेची पेटी हवीच, नाहीतर रिगिंगमधली, म्हणजे डोलकाठ्या आणि शिडांच्या दोरांमधली, धूळ आयुष्यात निघत नाही, आणि पेटीला प्रत्येक बाजूला निदान पाच सेंटीमीटर मोकळी जागा लागते. तेव्हा पूर्ण रिगिंगसकट व्हिक्टरी तुमच्या जागेत १:४८ ला तर नाहीच, १:९६ लाही बसत नाही.

हे वाचून लगेच १:१५० वगैरेचा हिशोब करायला घेऊ नका. मला इथे खरा प्रश्न वेगळा दिसतो. सगळ्यात चांगलं स्केल असं काही नसतं. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात, एका बाजूला तुम्ही घरात ठेवू शकाल ती जास्तीत जास्त लांबी, आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही मनापासून नीट बनवणार आहात तो सगळ्यात लहान तुकडा. लांबी सगळे मोजतात. तुकडा कोणी मोजत नाही, आणि अर्धवट सोडलेली मॉडेलं मी पाहिलीयेत त्यातली बरीचशी या दुसऱ्या गोष्टीमुळे अडलेली असतात, हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, छान झालेला असतो आणि रिगिंगला हात घातला की काम थांबतं.

तुकड्यांचा हिशोब करून बघा, अवघड नाही. खऱ्या जहाजावर साधारण १२ इंचाचा डेडआय असतो, म्हणजे श्राउड, डोलकाठीला बाजूंनी धरून ठेवणारे दोर, ताणायचा तो तीन भोकांचा गोल ठोकळा. १:४८ ला तो ६.३ मिलिमीटर, त्यात तीन भोकं पाडणं आरामात जमतं. १:९६ ला ३.२ मिलिमीटर, अजून जमतं, पण भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि ड्रिल जरा कलली की कड फुटते. पाच इंचाचा छोटा ब्लॉक, म्हणजे दोर ओवायची कप्पी, १:४८ ला २.६ मिलिमीटर, १:९६ ला १.३. या १.३ मिलिमीटरच्या तुकड्याला खोबण, भोक आणि भोवती दोर असं सगळं करायचंय आणि असे तुकडे तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर शेकड्यांनी लागतात. बिलेइंग पिन, म्हणजे दोर अडकवायची खुंटी, खरी साधारण १६ इंचाची. ती १:९६ ला चार मिलिमीटरच्या थोडी वर येते. तयार मिळणाऱ्या पिना बऱ्याचदा याच्या दुप्पट लांबीच्या असतात, आणि तेवढ्या एका गोष्टीने अख्खा डेक खेळण्यातला दिसायला लागतो.

दोरांचं तर याहून महत्त्वाचं. जुन्या याद्यांमध्ये दोराचं माप हे घेराचं दिलेलं असतं, व्यासाचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, नाहीतर सगळं रिगिंग तिप्पट जाड होईल. सात इंच घेराचा दोर म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर व्यास, तो १:४८ ला १.२ मिलिमीटर आणि १:९६ ला ०.६. दोन इंच घेराचा दोर १:४८ ला ०.३४ आणि १:९६ ला ०.१७. मी माझे दोर स्वतः पीळ देऊन बनवते आणि माझा अनुभव असा की ०.३ मिलिमीटरच्या खाली पीळ डोळ्याला दिसतच नाही, तिथे चांगला साधा दोरा वापरला तरी काही बिघडत नाही. म्हणजे १:९६ ला रिगिंगचा बराचसा भाग साध्या दोऱ्याचा, आणि १:४८ ला बहुतेक सगळा पिळाचा. यातलं कुठलं तुम्हाला आवडेल हा स्वभावाचा प्रश्न आहे, त्यात बरोबर चूक नाही.

आता "मोठं स्केल म्हणजे सोपं" हे कितपत खरं. हाताळायला सोपं, हे खरं आहे. आपली बोटं स्केलप्रमाणे लहान होत नाहीत आणि हाताची चूकही लहान होत नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक सगळ्यांच्या हातून होते, ती १:४८ ला खऱ्या जहाजावरच्या अडीच सेंटीमीटरएवढी आणि १:९६ ला जवळजवळ पाच सेंटीमीटरएवढी. गनपोर्टची, म्हणजे तोफांच्या खिडक्यांची, ओळ जराशी वरखाली झाली तर १:९६ ला ती लगेच डोळ्यात भरते. पण मोठ्या स्केलला दुसरी जबाबदारी येते, तिथे लपायला जागा नसते. १:९६ ला गनपोर्टच्या झाकणावर बिजागरीची नुसती काळी पट्टी चिकटवली तर चालून जातं, १:४८ ला तिथे बिजागरी दिसायला लागते, कडी लागते, तोफेच्या गाडीची चाकं गोल लागतात, आणि गाडीचे दोर ब्लॉकमधून खरोखर ओवलेले लागतात. ट्रॅफल्गरच्या लढाईत १८०५ मध्ये व्हिक्टरीवर १०४ तोफा होत्या. एका तोफेला लागणारा वेळ तुम्ही स्वतः मोजा आणि मग गुणा.

आणि उलट बाजूने, लहान स्केल म्हणजे कमी वेळ हाही गैरसमज आहे. स्केल अर्धं केलं की लांबी अर्धी होते, पृष्ठभाग पाव होतो, लाकूड आठवा हिस्सा लागतं, पण नगांची संख्या तेवढीच राहते. श्राउडवर चढायच्या रॅटलाइन खऱ्या जहाजावर साधारण १३ इंचांवर असतात, १:४८ ला त्या सात मिलिमीटरवर येतात आणि १:९६ ला साडेतीन मिलिमीटरवर, गाठी मात्र दोन्हीकडे सारख्याच, आणि साडेतीन मिलिमीटरवर गाठ मारायला जास्त वेळ लागतो, कमी नाही. वेळ वाचतो तो फक्त तुम्ही जे गाळायचं ठरवता त्याचा.

मग काय गाळायचं हे कसं ठरवायचं, तर मी अंतराचा हिशोब करते. मॉडेल आपण साधारण ६० सेंटीमीटरवरून बघतो. १:४८ ला हे अंतर खऱ्या जहाजापासून सुमारे २९ मीटरवर उभं राहण्यासारखं आहे, १:९६ ला सुमारे ५८ मीटरवर. ५८ मीटरवरून काय दिसेल? गनपोर्ट दिसतील, डेकच्या फळ्या अंधुक दिसतील, रॅटलाइन बारीक रेषांसारख्या दिसतील. फळ्या ठोकलेल्या लाकडी खुंट्या दिसणार नाहीत, त्या असतात एक ते दीड इंचाच्या, म्हणजे १:९६ ला पाव ते ०.४ मिलिमीटर. त्या दाखवायच्या म्हणून लोक ठळक ठिपके काढतात आणि डेकला देवी आल्यासारखं दिसतं. १:४८ ला त्याच खुंट्या अर्धा ते पाऊण मिलिमीटरच्या होतात, फळीच्याच रंगाच्या लाकडाच्या केल्या तर फार सुंदर दिसतात. हल तांब्याने मढवायची असेल तर तिथेही तेच. पत्र्याचं माप साधारण चार फूट बाय १४ इंच, ते १:९६ ला १२.७ बाय ३.७ मिलिमीटर, एवढे पत्रे दाखवा, पण त्यावरची खिळ्यांची डोकी १:९६ ला अजिबात उठवू नका. रंगालाही हाच नियम, लहान मॉडेलवर शुद्ध काळा आणि चकचकीत पिवळा भडक वाटतो, थोडा फिका आणि मॅट घ्या.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण स्केलच्या चर्चेत हे फार कमी लोक बोलतात. लाकडाचे रेषे स्केलप्रमाणे बारीक होत नाहीत. ओक आणि सागवान ही खऱ्या जहाजांची लाकडं, म्हणून मॉडेलही त्यातच करावं असं अनेकांना वाटतं आणि भावना मी समजू शकते, पण त्यांची छिद्रं आणि रेषा इतक्या भरड असतात की १:९६ ला डेकची फळी, जी खरी दहा इंच रुंद आणि मॉडेलवर २.६ मिलिमीटर, तिच्यावर दोनतीन छिद्रंच मावतात आणि ती फळी न वाटता काडी वाटते. अक्रोडाच्या पट्ट्या किटमध्ये सर्रास येतात, त्याही १:७२ पेक्षा लहान स्केलला मला खटकतात. बॉक्सवुड, पेअर, होली, मेपल अशी घट्ट आणि एकसारख्या रेषांची लाकडं कुठल्याही स्केलला चालतात, कड तीक्ष्ण राहते आणि बारीक तुकडा करवतीखाली फुटत नाही. तेव्हा तुमच्या हाताशी कुठलं लाकूड आहे यावरूनही स्केल ठरतं. भरड लाकूडच मिळत असेल तर १:४८ किंवा त्याहून मोठंच घ्या. वरच्या यार्डांचीही काळजी आहे, त्यांची टोकं १:९६ ला एक मिलिमीटरच्याही खाली जातात आणि दुकानातली गोल दांडी तिथे पटकन मोडते. घट्ट लाकडाच्या चौकोनी काडीपासून आधी आठ पैलू आणि मग गोल अशी घडवलेली टिकते, कारण तुम्ही रेषा सरळ असलेली काडी निवडलेली असते.

इथपर्यंतचं एका वाक्यात: जागा तुम्हाला लहान स्केलकडे ढकलते, आणि लाकूड, बोटं आणि रिगिंग मोठ्या स्केलकडे.

आणि म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे, जागेत बसत नसेल तर स्केल लहान करू नका, जहाज लहान घ्या. लोक आधी जहाज ठरवतात, मग ते जागेत कोंबण्यासाठी स्केल खाली खाली नेतात, आणि शेवटी असे तुकडे समोर येतात जे त्यांना बनवायलाही आवडत नाहीत. मी उलटं करते. आधी स्केल ठरवते, म्हणजे कुठले तुकडे मला आनंदाने बनवता येतील ते, आणि मग त्या स्केलला माझ्या जागेत किती मोठं जहाज बसेल ते शोधते.

तुमच्यासाठी हा हिशोब करून दाखवते. एक मीटरमधून पेटी आणि मोकळी जागा वजा केली की मॉडेलला ८५ सेंटीमीटर धरा. शिडांच्या जहाजाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी गनडेकच्या साधारण दीड ते पावणेदोन पट येते, आणि मुख्य यार्ड साधारण जहाजाच्या रुंदीच्या दुप्पट. हे ठोकताळे आहेत, प्रत्येक जहाजाला नकाशावर मोजायचंच, पण सुरुवातीला पुरतात. आता एचएमएस बीगल घ्या, डार्विन १८३१ ते १८३६ या सफरीत होता ते. डेकची लांबी ९० फूट ४ इंच म्हणजे २७.५ मीटर, रुंदी साडेसात मीटरच्या आसपास. १:६४ ला डेक ४३ सेंटीमीटर, सगळं मिळून ६५ ते ७५, आणि मुख्य यार्ड २३ च्या आसपास. तुमच्या जागेत लांबीलाही बसतं आणि खोलीलाही. १:४८ ला तेच ८६ ते १०० सेंटीमीटर होतं, म्हणजे पेटीसकट बाहेर. १:६४ ला तो १२ इंची डेडआय पावणेपाच मिलिमीटरचा, आणि पाच इंची ब्लॉक दोन मिलिमीटरचा. दोन मिलिमीटरचा ब्लॉक हाताने बनवता येतो आणि तयारही मिळतो. पावणेसहा फुटांचा माणूस १:६४ ला २७ मिलिमीटरचा, आणि असा एक कागदी माणूस कापून कायम टेबलावर ठेवा, डेकवरची कुठलीही वस्तू मोठी झाली की तो लगेच सांगतो. बीगल हे चेरोकी वर्गातलं जहाज, या वर्गाची शंभराहून जास्त जहाजं बांधली गेली, बीगल मूळ १८२० मध्ये दोन डोलकाठ्यांची ब्रिग होती आणि नंतर तिसरी डोलकाठी बसवून बार्क केलं, त्यामुळे कुठल्या वर्षाचं रूप दाखवायचं हे आधीच पक्कं करा. खलाशांच्या बंडासाठी प्रसिद्ध असलेलं बाउंटीही साधारण याच मापाचं, ९० फूट १० इंच, तेही १:६४ ला छान बसेल.

आणि मन व्हिक्टरीवरच असेल तर तेही मारू नका, फक्त अख्खं जहाज नको. मधला काप करा, म्हणजे दोनतीन गनपोर्टांएवढा तुकडा, कीलपासून (तळाच्या मुख्य तुळईपासून) वरच्या डेकपर्यंत. व्हिक्टरीची रुंदी ५१ फूट १० इंच, १:४८ ला तो काप ३३ सेंटीमीटर रुंद होतो, आणि तीन गनडेक एकावर एक दिसतात, जे पूर्ण मॉडेलमध्ये कधीच दिसत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे डोलकाठ्या आणि रिगिंग न करता नुसता हल, १:९६ ला तो ७२ सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि सहज मावतो. जुन्या काळी नौदलासाठी केलेली बरीच मॉडेलं अशी बिनरिगिंगचीच होती, त्यात काही कमीपणा नाही. नुसत्या लाकडी होड्याही विचारात घ्या, १७८९ मध्ये, बंडानंतर, बाउंटीचा कप्तान ब्लाय ज्या होडीतून १८ जणांना घेऊन निघाला ती बाउंटीची २३ फुटी लाँच १:१६ ला ४४ सेंटीमीटर होते, आणि त्या स्केलला प्रत्येक फ्रेम (बरगडी), प्रत्येक खिळा खरा दाखवता येतो. पाण्यात चालवायचं असेल तर हा सगळा हिशोबच बदलतो, वजन आणि वाऱ्याचा जोर वेगवेगळ्या प्रमाणात कमी होतात आणि लहान मॉडेल कलंडतं, पण तुम्ही शोकेससाठी विचारलंय म्हणून तो विषय सोडते.

काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी कराच. पहिली, पुठ्ठ्यावर मॉडेलची बाजूची आकृती पूर्ण मापात काढा, बोस्प्रिट आणि डोलकाठ्यांसकट, कापा आणि त्या जागेत आठवडाभर उभी ठेवा. आकड्यांवरून जे कळत नाही ते यातून कळतं, बऱ्याचदा उंचीच जास्त होते. दुसरी, ज्या दोन स्केलमध्ये अडलात त्या दोन्हीत एक तोफ गाडीसकट, डेडआयची एक जोडी दोरासकट, आणि बोटभर रॅटलाइन बनवून बघा. चांगले झाले की नाही यापेक्षा, अजून दहा बनवावेसे वाटतात का हे बघा. डोळ्यांचा प्रश्नही इथेच कळतो, डोक्याला लावायचं भिंग घालून जर मान दुखेपर्यंत वाकावं लागत असेल तर एक पायरी मोठं स्केल घ्या.

नकाशांबद्दल, कारण ते तुम्ही शेवटी विचारलंय. १:४८ म्हणजे पाव इंचाला एक फूट, ब्रिटिश नौदलाचे मूळ आराखडे बहुतेक याच स्केलला आहेत. त्याच हिशोबाने ३/१६ इंचाला एक फूट म्हणजे १:६४, आणि १/८ इंचाला एक फूट म्हणजे १:९६. म्हणजे १:४८ च्या नकाशाची ७५ टक्के कॉपी काढली की १:६४ मिळतं, ५० टक्के काढली की १:९६. नेहमी मोठ्याचं लहान करा, लहानाचं मोठं करू नका, कारण १:९६ च्या नकाशावरची ०.३ मिलिमीटरची रेघ खऱ्या जहाजावर तीन सेंटीमीटरची असते आणि ती मोठी केली की तिची कुठली कड धरायची तेच कळत नाही. कॉपी मशीन कागद एका दिशेने किंचित ताणतात, म्हणून उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना स्टीलच्या पट्टीने मोजा, एकाच दिशेची मोजपट्टी जुळली म्हणून समाधान मानू नका. अधलं मधलं स्केल, म्हणजे १:६० वगैरे, घेतलं तर काही बिघडत नाही, तुम्ही सगळं हाताने करणार आहात, पण १:४८, १:६४ किंवा १:७२ घेतलं तर तयार ब्लॉक, तोफा आणि माणसं अडीअडचणीला मिळतात.

जागेची उंची तुम्ही लिहिलेली नाही, ती मोजून सांगा, आणि बीगल किंवा बाउंटीकडे वळणार असाल तर कुठले नकाशे हाताशी आहेत आणि लाकूड कुठलं आहे तेही लिहा, म्हणजे फ्रेम किती अंतरावर ठेवायच्या आणि फळी किती जाड काढायची ते सांगता येईल.